आईचं आयुष्य लिहून ठेवायचंय? सुरुवात भांड्यांपासून करा

पेपरातल्या निधनवार्तेत "प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू स्वभावाच्या होत्या, त्यांच्या पश्चात मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे" एवढंच येतं आणि ते कुणाच्याही आईला लागू पडतं. जिने साठ-सत्तर वर्षं घर चालवलं तिच्याबद्दल फक्त तिचंच असं काहीतरी मागे राहायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय. आई असेल तर याच आठवड्यात सुरू करा, नसेल तरी बरंच करता येतं, ते पुढे सांगते.

"आई, तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना" असं विचारू नका. "माझं काय सांगायचं, रांधा वाढा उष्टी काढा" म्हणेल आणि विषय संपला. त्यापेक्षा माळ्यावरची भांडी खाली काढा. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे ना, कुणी दिलं, कशाबद्दल दिलं, तारीख, सगळं त्यावर असतं, गृहिणीच्या नावाने एवढा लेखी पुरावा घरात दुसरा नसतो. आमच्या एका पितळी डब्यावर आईचं माहेरचं नाव आहे, लग्नात ते बदललं आणि नंतर सासरी कुणी घेतलंच नाही. तो डबा हातात दिला तर कितीतरी वेळ बोलत होती, त्यातून लाडू कुणी आणले, एसटी कुठे बंद पडली, मामा डोक्यावर डबा घेऊन घरापर्यंत कसे चालत आले. प्रत्येक भांड्याचा, नाव नीट दिसेल असा फोटो काढा आणि ती काय म्हणाली ते लगेच खाली टाइप करा.

वेळ दुपारची, जेवणं आवरल्यावरची. समोर मेथी नाहीतर तांदूळ निवडायला घेऊन बसा, हात कामात असले की बोलणं आपोआप सुटतं. फोन रेकॉर्डिंगला लावणार असाल तर तिला सांगून लावा, पंखा बंद करा नाहीतर नुसती घरघर ऐकू येते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळे होऊ नका, फोन बदलला की जातं सगळं. ड्राइव्हवर एक आणि पेनड्राइव्हवर एक ठेवा.

साल विचारलं तर सांगता येत नाही, पण "पानशेत फुटलं तेव्हा तू पोटात होतास" हे बरोबर आठवतं. त्यामुळे एका कागदावर तिच्या भागातल्या मोठ्या घटना लिहून घ्या. पानशेत धरण फुटलं ते 12 जुलै 1961, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, बहात्तरचा दुष्काळ (तेव्हा वाटलेलं सुकडी नावाचं पौष्टिक खाणं आणि रेशनवरची मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, यांबद्दल विचारा, हमखास बोलतात), मुंबईचा गिरणी संप जानेवारी 1982, किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरची पहाट. मग याच्या आधी की नंतर असं विचारत गेलं की साल आपोआप सापडतं. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असेल तर ती बहुतेक मास्तरांनी टाकलेली असते, तिला तिथी किंवा सण विचारा.

आता रेसिपी. "अंदाजाने घालायचं" याच्यावर थांबू नका. तिने मीठ, तिखट हातात घेतलं की कढईत पडायच्या आधी ते वाटीत घ्या आणि वजनकाट्यावर ठेवा, तिची मूठ किती ग्रॅमची ते कळेल आणि तेच लिहा. व्हिडिओ काढताना चेहरा नाही, हात घ्या, भाकरी थापताना बोटं कशी फिरतात ते वाचून कुणाला येणार नाही. जुनी मापं सांगितली तर तशीच ठेवून शेजारी हिशोब लिहा, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या आधी रेकॉर्ड करा, बाकी सगळं नंतर. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून लाखभर ओव्या गोळा केल्या म्हणून त्या राहिल्या, आपल्या घरातल्या आपणच घ्यायच्या.

बोलता बोलता गेलेलं मूल निघतं, सुटलेली शाळा निघते, सासूचा जाच निघतो. तेव्हा मध्ये प्रश्न विचारू नका, समजूत घालायची घाई तर अजिबात नको. "हे लिहू नकोस" म्हणाली तर नाही लिहायचं, जावा-नणंदा अजून आहेत आणि तिला त्यांच्यातच राहायचंय.

आई गेली असेल तर मावशी, धाकटी जाऊ, जुन्या वाड्यातल्या शेजारणी यांच्याकडे जा आणि रिकाम्या हाताने जाऊ नका, आईचा एखादा फोटो न्या. मुलांना जी आई कधी दिसलीच नाही, चिंचेच्या झाडावर चढणारी वगैरे, ती बहिणींनाच माहीत असते. फोटोच्या मागे नावं लिहायची तर पेन्सिलने, हलक्या हाताने.

सगळं जमलं की टाइप करून झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घ्या, पुस्तकबिस्तक छापायची गरज नाही. अक्षर सोळा पॉइंटच्या खाली नको, वाचणारे सत्तरीपुढचे असणार. वर्षश्राद्धाला वाटायचं असेल तर महिनाभर आधी एकच प्रत काढून मावशीला द्या, पेन पण द्या, चुकलेली नावं आणि नाती ती बरोबर दुरुस्त करेल, मगच बाकीच्या प्रती काढा.