घाटात इंजिन ऑइल तापतंय? तेल बदलायच्या आधी या चुका टाळा

उन्हाळा लागला की माझ्या कळंबोलीच्या गॅरेजात एकाच दुखण्याचे ट्रेलर रांगेने येतात. न्हावाशेव्याहून कंटेनर उचलला, खोपोलीपर्यंत सगळं आलबेल, बोरघाट लागला की ऑइल टेंपरेचर 120 पार. मालक येतो तो घरगुती उपचार करूनच येतो. कुणी जाड तेल भरलेलं असतं, कुणी थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी सोडणारा-अडवणारा तुकडा, उपटून फेकलेला असतो. एकाने तर चालत्या गाडीत रेडिएटरवर पाणी मारायला केबिनमागे टाकी बांधून पाइप ओढला होता. मग माझा निम्मा दिवस आधीच्या मिस्त्रीचे उपद्व्याप निस्तरण्यात जातो आणि मूळ बिघाडाला हात लागतो तो दुपारच्या जेवणानंतर.

आधी घाट काय मागतो ते बघा. खोपोलीहून खंडाळ्याला पोचेपर्यंत गाडी साधारण 550 मीटर वर चढते. 40 टनांचा ट्रेलर तेवढा वर न्यायचा, तर नुसतं उचलण्याचंच काम 60 युनिट विजेएवढं होतं. जाळलेल्या डिझेलमधली 40 टक्क्यांच्या आसपास ताकद कामाला येते, बाकी सगळी उष्णता. ती सायलेन्सर आणि रेडिएटर यांनीच बाहेर टाकायची. त्यात 2018 च्या जुलैत सिंगल एक्सलवरच्या वजनाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 झाली, टँडमची, म्हणजे जोड एक्सलची, 19 वरून 21. माल वाढला, जुन्या गाड्यांचे रेडिएटर मात्र होते तेवढेच राहिले. तेव्हा सपाटीवर 95-100 दाखवणारं तेल घाटात 110 ला गेलं म्हणून कुणी घाबरू नये. कंपनीच्या पुस्तकातला आकडा पहिला. तो हाताशी नसेल तर माझा हिशेब असा: 115 पर्यंत लक्ष ठेवून चालवायचं, 120 ला गिअर उतरवायचा, 125 दिसलं की जागा बघून गाडी बाजूला.

एकच आकडा बघून निकाल देणं

बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांत ऑइल कूलर कूलंटच्या पाण्यातच बसवलेला असतो. तेल आपली उष्णता पाण्याला देतं, पाणी रेडिएटरला, रेडिएटर वाऱ्याला. म्हणून तेलाचा आकडा एकटा वाचू नका, शेजारी पाण्याचा ठेवा. दोन्ही जोडीने चढत असतील तर बिघाड पाण्याच्या किंवा हवेच्या बाजूला आहे, नाहीतर इंजिनावर ओढ जास्त आहे. पाणी 88-90 वर शांत आणि तेल एकटंच वर निघालं, तर ऑइल कूलर चोक झालाय किंवा चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, तेल कमी आहे. अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर तेलाचा काटाच नसतो, पण स्कॅनर जोडला की बऱ्याच गाड्या दोन्ही आकडे दाखवतात. तेवढा स्कॅनरचा खर्च करा, इंजिन खोलण्यापेक्षा स्वस्त आहे.

तिसरा साक्षीदार ऑइल प्रेशर. तेल खरोखर तापलं तर ते पातळ होतं आणि त्याच आरपीएमला प्रेशर उतरतं. टेंपरेचर 130 म्हणतंय आणि प्रेशर जागचं हललेलं नाही, असं असेल तर मी आधी सेन्सरचा कनेक्टर काढून बघतो. हिरवा गंज चढलेला एक कनेक्टर साफ केल्यावर इंजिन उतरवायला निघालेला मालक तासाभरात घरी गेलेला मी पाहिलाय.

हल्ली प्रत्येक पोराच्या खिशात लेझरवाली टेंपरेचर गन असते. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती कमी आकडा दाखवते, हे मात्र कुणी त्याला सांगितलेलं नसतं. जिथे मोजायचं तिथे काळी टेप चिकटवा, मग मोजा.

जाड तेल

“गरम होतंय ना, मग 20डब्ल्यू-50 टाक.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता भांडतही नाही. जाड तेल बेअरिंगमध्ये घुसळताना स्वतःच जास्त उष्णता तयार करतं, शिवाय कूलरच्या अरुंद वाटांतून हळू सरकतं. प्रेशरचा काटा वर दिसतो, मालक खूश. इंजिन खूश नसतं. कंपनीने 15डब्ल्यू-40 सांगितलंय तर तेच घाला, आणि बीएस-6 गाडीला कमी राखेचं तेल सांगितलं असेल तर तिथे काटकसर करू नका, पुढे डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरमधली काजळी अडवणारी गाळणी, भरतो.

दोन लिटर जास्त घालणारेही आहेत. तेल वर आलं की क्रँक त्यात आपटतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं तेल ना वंगण देतं ना उष्णता वाहून नेतं. बीएस-6 मध्ये कधी कधी न घालताच पातळी वाढते, कारण डीपीएफ साफ करताना जास्तीचं डिझेल सिलिंडरमधून चेंबरमध्ये उतरतं. तेल मोजायची काडी काढून नुसती पुसू नका, डिझेलचा वास येतो का बघा. आणि काडीवरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा, तेलात पाणी आहे.

थर्मोस्टॅट काढणं

ही माझी खास दुखरी नस. रस्त्यावरचा मिस्त्री दहा मिनिटांत थर्मोस्टॅट काढतो, काटा खाली येतो, तीनशे रुपये घेतो आणि पुण्य कमावल्यासारखा निघून जातो.

थर्मोस्टॅट दोन दारं सांभाळतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचं दार बंद आणि बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी थेट इंजिनात परत नेणाऱ्या वाटेचं, उघडं. 82 डिग्रीच्या आसपास रेडिएटरचं दार उघडायला लागतं आणि बहुतेक मोठ्या इंजिनांत तोच थर्मोस्टॅट बायपासचं दार लावत जातो. तो उपटला की दोन्ही दारं सताड उघडी. पाणी सोपी वाट धरतं. सपाटीवर ओढ कमी, म्हणून गाडी उलट जास्तच थंड चालते. घाटात पूर्ण जोर लागला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता पुन्हा इंजिनात शिरतं, आणि त्याच पाण्यात ऑइल कूलर बसलेला.

चार वर्षांपूर्वी तळोज्याहून चाकणला स्टील कॉइल नेणारा एक ट्रेलर आला. सपाटीवर पाणी 70, घाटात तेल 128. ड्रायव्हर तरणा पोरगा, बोलायला गोड. मी पहिलाच प्रश्न थर्मोस्टॅटचा विचारला. “काका, नवीन आहे, मागच्याच महिन्यात घेतलाय.” मी विश्वास ठेवला. सपाटीवरच्या 70 ने तिथेच कान टवकारायला हवे होते, पण नाही. पहिल्या दिवशी रेडिएटर उतरवून धुतला. दुसऱ्या दिवशी वॉटर पंप खोलला, आतला पंखा नव्यासारखा. तिसऱ्या दिवशी ऑइल कूलर काढायला पाना लावला आणि जाता जाता बायपासच्या नळीला हात लागला. इंजिन पूर्ण तापलेलं, तेव्हा बायपास बंद असायला हवा, तरी ती नळी भाजत होती. हाऊसिंग उघडलं, आत काहीच नाही, नुसता गॅस्केट लावायचा लेप.

पोराला विचारलं, “अरे, नवीन होता ना?”

“हो काका, नवीनच आहे. टूलबॉक्समध्ये ठेवलाय, खराब व्हायला नको म्हणून.”

खरंच होता. पॅकिंगसकट.

त्या मालकाकडून मी दोन दिवसांची मजुरी घेतली नाही, कारण चूक माझी होती. तेव्हापासून कुणी काहीही सांगो, हाऊसिंग मी स्वतः उघडतो. थर्मोस्टॅट पातेल्यात दोऱ्याने टांगायचा, पाणी तापवायचं, थर्मामीटर सोडायचा आणि तो उघडताना बघायचा. बायको म्हणते गॅरेजात चहा कमी आणि थर्मोस्टॅट जास्त उकळतात.

बाकीच्या, थोडक्यात

रेडिएटर समोरून धुतला म्हणजे धुतला असं नाही. त्याच्या पुढे टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर असतो, बऱ्याच गाड्यांत त्याच्याही पुढे एसीचा कंडेन्सर. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, म्हणजे हा थर आणखी वाढणार. उरण रस्त्याची धूळ या थरांच्या मधे नमद्यासारखी बसते. इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या पाण्याने धुवा. प्रेशर गन जवळ नेली की पत्र्या आडव्या होतात आणि हवा कायमची बंद.

पंख्याच्या क्लचचा आवाज ऐका. इंजिन तापल्यावर तो पकडतो तेव्हा घरघर वाढते, घाटात ती यायलाच हवी. इंजिन बंद करून हाताने फिरवलेला पंखा भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लचमधलं सिलिकॉन गेलंय. केबिनमध्ये गाणी फुल ठेवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. क्लचला बोल्ट मारून पंखा डायरेक्ट करणाऱ्यांबद्दल मी बोलणार नाही, रक्तदाब वाढतो.

बोअरचं पाणी कूलंटमध्ये घालू नका. रेडिएटरचं झाकण सैल असेल तर बदला. एक बार दाब धरला तर पाणी 120 ला उकळतं, नाही धरला तर 100 लाच. आणि तापलेलं झाकण उघडणाऱ्याचा हात मी एकदा पाहिलाय, पुन्हा बघायचा नाही.

डिझेल वाचवायला वरच्या गिअरमध्ये 1100 आरपीएमवर गाडी रडवत चढवणारे ड्रायव्हर स्वतःला हुशार समजतात. वॉटर पंप आणि पंखा दोन्ही इंजिनावर फिरतात. इंजिन हळू, म्हणजे तेही हळू, आणि आग मात्र पूर्ण. एक गिअर उतरवा. वर पोचल्यावर ढाब्यावर लगेच चावी फिरवू नका, तीन ते पाच मिनिटं गाडी उभ्याने चालू ठेवा. नाहीतर टर्बोतलं तेल जागीच जळून कोळसा होतं.

इंजिनाबाहेर न बघणं

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. गाडी रिकामी असली की सगळं ठीक, भरली की घाटात 124. तेल दोनदा बदललेलं, रेडिएटर नवा, थर्मोस्टॅट मी पातेल्यात बघितलेला, पंखा उत्तम. पाणी आणि तेल जोडीने चढत होते. शेवटी मालकाला सोबत घेऊन मीच केबिनमध्ये बसलो. कळंबोली ते खोपोली, सपाट रस्ता, तरी ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नव्हता. पाय काढला की गाडी लगेच मंदावायची, भरलेला ट्रेलर असा थांबत नाही.

घाटाआधी गाडी उभी केली आणि गन घेऊन ट्रेलरला फेरी मारली. पुढच्या एक्सलचे ड्रम 70-75. मधल्या एक्सलचे दोन्ही 190 च्या वर, मागचा डावा 210. ब्रेक सुटतच नव्हते. इंजिन घाट चढता चढता तीन चाकांचे लायनरही जाळत होतं. हेल्परला विचारलं. तो म्हणाला, ब्रेक उशिरा लागत होते म्हणून त्याने स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारे तुकडे, कसले होते. तीन चाकांचे झाले आणि तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

ड्रम निवू दिले, तिन्ही ॲडजस्टर हिशेबाने सैल केले, चाकं मोकळी फिरतात का बघितलं. त्या दिवशी खंडाळ्याला तेल 111 वर होतं.

उतरून मालकाला हे समजावत होतो, तेवढ्यात हेल्पर पाना घेऊन ट्रेलरखाली शिरला.

“काय करतोस रे?”

“उरलेले तीन कसतो ना काका. त्या दिवशी राहिले होते.”