वेग घेताना कुंई आवाज करणारी गाडी : गॅरेज गाठण्याआधीची तयारी

एक्सलेटर दाबताच चारचाकीतून बारीक, लांबट कुंई आवाज येऊ लागला, की आपल्याकडे गाडी थेट जिल्ह्याच्या गावी नेली जाते आणि ‘आवाज येतो, जरा बघा’ एवढेच मिस्त्रीला सांगितले जाते. एवढ्या माहितीवर त्यालाही अंदाजच बांधावा लागतो आणि अंदाज चुकला की धड असलेला गिअरबॉक्स उघडला जातो. म्हणून निघण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर घरीच मिळवावे : हा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो-उतरतो, की चाकांच्या वेगाबरोबर? पुढची सगळी तयारी याच उत्तरासाठी आहे.

आधी सामान जमवावे. हवेचा दाब मोजायचे मीटर, टॉर्च, स्वच्छ फडके, वही-पेन, गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका आणि सोबतीला एक जाणता माणूस, एवढे पुरे. गाडी चालवणाऱ्यानेच कान लावून ऐकणे आणि लिहिणे धोक्याचे असल्याने सोबतीचा माणूस टाळू नये. चारही टायरमधली हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे भरावी आणि टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवून पाहावा; एका बाजूने हात गुळगुळीत सरकतो आणि उलट फिरवताना कडा टोचतात, तर टायर असमान झिजला आहे आणि ऐकू येणारी घूंघूं कदाचित त्याचीच आहे. टेपचा आवाज बंद करूनही पाहावे, कारण अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची) कुंईकुंई कधी कधी केवळ स्पीकरमधून येत असते. रिव्हर्समध्ये येणारा तसा आवाज मात्र दोषात धरू नये. बहुतेक गाड्यांत त्या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात आणि ते वाजतातच.

यानंतर गाडी अंगणात उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिनाच्या फेऱ्या सावकाश मिनिटाला २,५०० पर्यंत वाढवाव्यात. आवाज इथेच आला, तर शोध बॉनेटखाली आहे, म्हणजे अल्टरनेटर, बेल्ट ताणणारी पुली, वॉटर पंप किंवा तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचा पंप यांपैकी कुठेतरी. स्टिअरिंग वळवताना तो वाढत असेल, तर स्टिअरिंगच्या तेलाची पातळी पाहावी. तेलावर फेस दिसला, तर आत हवा शिरली आहे. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाचा जोर आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घ्यावा, आणि क्लच दाबल्यावरच सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर. डिझेल गाडीत उभ्या जागी शांतता, पण चढावर जोर देताच शिट्टी, सोबत पिकअप कमी आणि काळा धूर, असे असेल तर टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राकडून) येणाऱ्या हवेच्या नळ्यांचे जोड तपासून घ्यावेत. बॉनेट उघडून पाहताना गळ्यातला दुपट्टा काढून ठेवावा, आणि हात आत घालण्याआधी इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही फिरू लागतो.

रस्त्यावरच्या चाचणीसाठी जागा नीट निवडावी. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यानंतर लाटांसारखे होतात आणि त्यांच्या खडखडाटात बारीक आवाज हरवतो, म्हणून सपाट, नवा, रहदारी नसलेला डांबरी तुकडा शोधावा; समृद्धी महामार्गावर असे प्रयोग करू नयेत. काचा लावून, एसी बंद करून, ताशी ४० च्या वेगाने आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवावी. वेग तोच असताना गिअर बदलल्यावर आवाजाची पट्टी उतरली, तर तो इंजिनाच्या फेऱ्यांचा आहे. पट्टी तीच राहिली, तर चाके, अ‍ॅक्सल किंवा डिफरेन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचा). मग एक्सलेटरवरून पाय उचलावा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाडीत जोर देताना येणारा आवाज पाय उचलताच बदलला किंवा विरला, तर डिफरेन्शियलच्या पिनियनकडे, म्हणजे त्यातल्या लहान दातेरी चाकाकडे, बोट जाते. काहीच फरक पडला नाही, तर चाकाचे बेअरिंग पाहावे. गाडी हलकेच डावीकडे वळवताना भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा घूंघूं वाढली तर उजवे बेअरिंग, आणि उजवीकडे वळवताना वाढली तर डावे. वहीत वेळही लिहावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गिअर ऑइल पातळ होऊन दात्यांचा आवाज दुपारी मोठा होतो, उलट बेल्टची कुंई ओलसर सकाळी अधिक ऐकू येते.

आपल्या भागात एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगावी : गाडी अलीकडे रपट्यावरच्या पाण्यातून गेली होती का. तापलेले अ‍ॅक्सल पाण्यात एकदम थंड झाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करण्याचे छिद्र) किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. अशा डिफरेन्शियलचे तेल दुधाळ दिसते, त्याचा वंगणपणा जातो आणि बेअरिंग काही आठवड्यांत वाजू लागते. तेल काढताना म्हणून आपण स्वतः उभे राहावे आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा थर चिमटीत घेऊन चोळून पाहावा. करडा, लोण्यासारखा मऊ लेप ही नेहमीची झीज आहे. टोकदार चकत्या हाताला लागल्या, तर दाते किंवा बेअरिंग तुटू लागले आहे आणि नुसते तेल बदलून भागणार नाही. आवाज दाबण्यासाठी जास्त जाड तेल टाकण्याचा सल्ला कधीही मानू नये, कारण झीज आत तशीच चालू राहते. तेलाचा दर्जा पुस्तिकेतूनच वहीत उतरवून न्यावा. जीएल-४ दर्जाचे तेल सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये भलतेच जीएल-५ तेल पडले, तर आतल्या पितळी कड्यांना बाधू शकते.

कुंईची घरघर झाली, चाक हाताने हलू लागले किंवा बॅटरीचा अथवा तापमानाचा दिवा लागला, तर गाडी चालवत न नेता उचलूनच न्यावी. एरवी सोबतीच्या माणसाने फोनवर घेतलेले आवाजाचे रेकॉर्डिंग आणि वहीचे पान मिस्त्रीपुढे ठेवावे, त्याला शेजारी बसवून त्याच वेगात, त्याच गिअरमध्ये आवाज ऐकवावा, आणि काम संपल्यावर जुना सुटा भाग परत मागून घेऊन पुन्हा तशीच फेरी मारूनच पैसे द्यावेत.