आयफोनवर देणगीचा फॉर्म आपोआप झूम होत होता: उपाय सापडला

लक्षण असं: आयफोनच्या सफारीत संस्थेच्या देणगी पानावर रकमेच्या चौकटीत बोट टेकवलं की अख्खं पान झूम व्हायचं आणि ‘देणगी द्या’ बटण पडद्याबाहेर जायचं. मदत करायला आलेला माणूस तिथेच अडकतो, याने जीव तळमळायचा.

बटणाचा रंग बदलला, बॅनर काढला, फरक शून्य. व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये (पान पडद्यावर किती मोठं दिसावं हे ब्राउझरला सांगणारी कोडची ओळ) मॅक्सिमम-स्केल 1, म्हणजे पान याहून मोठं करू नको, असं घातल्यावर झूम थांबला, पण अँड्रॉइडवर दोन बोटांनी पान मोठं करता येईना. कमी दिसणाऱ्यांची सोय काढून घेणारा उपाय मला मान्य नाही.

खरं कारण: चौकटीतला फॉन्ट 14 पिक्सेल होता. 16 पेक्षा लहान असला की आयफोनची सफारी स्वतःहून झूम करते.

आधी मॅक्सिमम-स्केल काढलं. मग सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारा कोड) इनपुट (साधी चौकट), सिलेक्ट (पर्यायांची यादी) आणि टेक्स्टएरिया (मोठ्या मजकुराची चौकट) तिन्हींना फॉन्ट-साइझ 16 पिक्सेल दिला. सिलेक्ट हमखास राहून जातो, तो आवर्जून बघा. नंतर रकमेच्या चौकटीला इनपुटमोड न्यूमेरिक लावला. आता थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. शेवटी कॅशे (ब्राउझरने साठवलेली पानाची जुनी प्रत) साफ करून प्रत्यक्ष फोनवर तपासलं, कारण कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरच्या मोबाइल व्ह्यूमध्ये हा झूम दिसतच नाही.