नोव्हाक आडनावाचं मूळ शोधताय? मग या चुका टाळा

पहिली चूक टेनिसमुळे होते. नोव्हाक आडनावाची माहिती म्हणून जे लेख फिरतात, त्यातले बरेचसे जोकोविचच्या फोटोने सुरू होतात. अहो, नोव्हाक हे त्याचं पाळण्यातलं नाव! आडनाव जोकोविच, म्हणजे जोको नावाच्या कुणा पूर्वजाचा वंश. आणि जोको हे जॉर्जेचं घरगुती रूप. सर्बियात मुलाचं नाव नोव्हाक ठेवण्याची पद्धत जुनी आहे. तुर्कांशी लढलेला स्टारिना नोव्हाक तिथल्या लोकगीतांत आहे. रुमानियात त्यालाच बाबा नोव्हाक म्हणतात, आणि १६०१ साली क्लुज शहरात त्याला जिवंत जाळलं. त्याचंही ते आडनाव नव्हे. या दोघांना यादीतून काढा, मग पुढे बोलू.

आडनावाच्या अर्थात फार गूढ काही नाही. चेक, पोलिश अशा स्लाव्हिक भाषांत नोव्हाक म्हणजे नवा आलेला: गावात नव्याने वसलेला, किंवा कामाधंद्यात नवशिका. आपल्या ‘नव’शी या शब्दाचं भाषिक नातं खरंच आहे, पण तेवढ्यावरून चेक लोक मूळचे इकडचे असं कृपया लिहू नका. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) बोहेमियातली (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग) गावंच्या गावं ओस पडली, नंतर तिथे नवे शेतकरी आले, त्यामुळे हे नाव पसरलं असं सांगतात. त्यात तथ्य आहे, पण नाव युद्धाच्या आधीपासून होतंच. ‘युद्धानंतर जन्मलेलं आडनाव’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे खोडा.

आता ज्या चुकीने माझं डोकं सर्वात जास्त फिरतं ती. नाव जुळलं की माणूस जुळला, असं लोक धरून चालतात. नोव्हाक हे पोलंडमधलं सर्वात जास्त आढळणारं आडनाव आहे, तिथे साधारण दोन लाख माणसं ते लावतात. चेक प्रजासत्ताकात ते पहिल्या क्रमांकावर, स्लोव्हेनियातही पहिल्या क्रमांकावर. एवढ्याशा त्या देशात अकरा हजारांच्या आसपास. प्रत्येक गावात कधी ना कधी कुणीतरी ‘नवा’ आलेलाच असतो, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी आपापलं स्वतंत्र जन्मलं. दोन नोव्हाक एकमेकांचे भाऊबंद असतील असं मानायला काही आधार नाही. ‘यान नोव्हाक’ तर चेक लोक फॉर्मच्या नमुन्यावर छापतात, कुणीही सोम्यागोम्या या अर्थाने.

ओळखीतल्या एका काकूंची मुलगी टेक्सासात आहे, जावई नोव्हाक. त्या राज्यात एकोणिसाव्या शतकात बोहेमिया-मोराव्हियातून आलेल्यांची मोठी वस्ती झाली, तेव्हा यात नवल काही नाही. व्याह्यांच्या पंच्याहत्तरीला वंशवृक्ष फ्रेम करून द्यायचा, असं काकूंच्या मनात आलं. वंशावळीच्या एका संकेतस्थळाने ‘जुळणी सापडली’ असं दाखवलं, काकूंनी होकाराचं बटण दाबलं, पुन्हा जुळणी, पुन्हा बटण. एका रात्रीत झाड अठराव्या शतकात जाऊन पोचलं. मुळाशी चांगला जमीनजुमला असलेला शेतकरी निघाला, त्यामुळे काकू फारच खूश.

मी विचारलं, “काकू, घर नंबर काय लिहिलाय?”

“अरे, जन्मसाल जुळलं, बापाचं नाव जुळलं, आईचंही जुळलं. आता घर नंबर कशाला?”

कशाला ते सांगतो. १७७० च्या सुमाराला बोहेमियावर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाच्या राजवटीत सैन्यभरतीच्या सोयीसाठी घरांना क्रमांक दिले गेले, आणि त्यानंतर चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदींत तो क्रमांक येऊ लागला. चेक अभिलेखागारांनी या वह्यांची पानं स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. ती उघडून पाहिली तर काकूंच्या झाडातल्या योसेफच्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, थोड्या महिन्यांच्या अंतराने दोन योसेफ नोव्हाक जन्मलेले. दोघांचा बाप यान, दोघांची आई आना. एक घर नंबर ७ मधला, दुसरा ३१ मधला. संकेतस्थळाने सातवाला उचलला होता. मग मी मृत्यूंची वही काढली. घर नंबर ७, योसेफ, यानचा मुलगा, वय दोन वर्षंही पूर्ण नाही. जे पोर दोन वर्षांचंही झालं नाही, त्याच्या अंगावर टेक्सासातल्या सगळ्या पिढ्या लटकवल्या होत्या.

खरा पूर्वज ३१ नंबरचा. त्याचा बाप जमीनदार वगैरे कुणी नव्हे, दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करून राहणारा मजूर. अशा बिऱ्हाडकरूंची घरं सारखी बदलतात, त्यामुळे तिथे घर नंबरही फार काळ साथ देत नाही. मग आईचं माहेर धरायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या बऱ्याच नोंदींत आईच्या बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. यान आणि आना गल्लोगल्ली सापडतील, पण अमक्या गावच्या तमक्या सुताराची मुलगी आना एकच असते. माझी सवय अशी की जन्माची नोंद सापडली की आनंद करायच्या आधी पुढच्या पाच-सात वर्षांची मृत्यूची वही चाळायची. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण ज्यांना एका रात्रीत सात पिढ्या हव्या असतात, त्यांनी कादंबरी लिहावी.

याच ओघात आणखी एक. १७८० च्या दशकात सम्राट योसेफ दुसरा याच्या आज्ञापत्रांनी आडनाव कायम आणि वंशपरंपरागत झालं. त्याआधी बोहेमियाच्या खेड्यांत नाव पुष्कळदा घराला चिकटलेलं असे. घरजावई म्हणून नोव्हाकांच्या वाड्यात आलेला माणूस नोव्हाकच व्हायचा आणि त्याची मुलंही नोव्हाक. म्हणजे त्या काळाच्या मागे नुसतं आडनाव धरून गेलात तर माणसं सुटतात आणि घर तेवढं हाती लागतं. जमिनीची कागदपत्रं पाहिल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये.

‘नोव्हाक घराण्याचं राजचिन्ह’ विकत घेऊ नका. मानचिन्हं विशिष्ट कुटुंबाला मिळत, आडनावाला नाही.

‘एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने आमचं नाव बदललं’ ही कहाणीही सोडा. न्यूयॉर्कजवळच्या या बेटावर स्थलांतरितांची नोंद करणारे अधिकारी जहाजाच्या यादीवरून नावं तपासत. नोव्हाकचं न्यूमन पुढे त्या माणसांनी स्वतःच केलं.

स्पेलिंगवरून देश ठरवणारे तर गल्लोगल्ली भेटतात. डब्ल्यू दिसला की पोलिश, व्ही दिसला की चेक, ए वर तिरकी रेघ असली की नक्कीच चेक. आजच्या पासपोर्टपुरतं हे साधारण चालेल. जुन्या वहीत नाही चालत, कारण १८४० च्या दशकातल्या सुधारणांपर्यंत चेक भाषा ‘व्ह’साठी डब्ल्यूच वापरत होती. म्हणजे १८३० मधला डब्ल्यूवाला नोव्हाक अस्सल बोहेमियन असू शकतो. तेव्हा ‘य’साठीही जी हे अक्षर असे, त्यामुळे यान तिथे ‘गान’ दिसतो आणि हौशी मंडळी गान नावाचा नवाच पूर्वज शोधून काढतात. त्यात व्हिएन्नात डब्ल्यूवाले नोव्हाक भरपूर, पोलंडमधून रूरच्या कोळसाखाणींत गेलेले जर्मनीत भरपूर, हंगेरीत तिरक्या रेघेचे भरपूर. हंगेरीच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष कातालिन नोव्हाक (२०२२–२४) घ्या. आडनाव स्लाव्हिक, व्यक्ती हंगेरियन. त्यांच्याकडे आडनाव आधी लिहितात, त्यामुळे नवशिके नोव्हाकलाच पहिलं नाव समजतात.

विभक्तीचं काय ते मराठी माणसाला तरी कळायला हवं. ‘योसेफा नोव्हाका’ अशी नोंद दिसली तर ते वेगळं आडनाव नव्हे, ‘योसेफ नोव्हाकचा’ एवढाच अर्थ. आपण ‘पाटलाचा’ म्हटल्यावर कुणी ‘पाटला’ हे आडनाव टिपून घेतं का?

बायकांच्या नावात तर घोळच घोळ. चेकमध्ये नोव्हाकची बायको किंवा मुलगी नोव्हाकोव्हा होते, जशी १८५३ साली जन्मलेली लेखिका तेरेझा नोव्हाकोव्हा. ‘नोव्हाक’ एवढंच टाकून शोधलंत तर निम्मं घराणं गायब. २०२२ पासून चेक बायकांना ‘ओव्हा’ न लावता नाव घेण्याची मोकळीक कायद्याने दिली आहे, त्यामुळे आता दोन्ही रूपं दिसतील. पोलंडमध्ये आज नवरा-बायको दोघंही नोव्हाकच, पण जुन्या कागदांत बायको ‘नोव्हाकोव्हा’ आणि लग्न न झालेली मुलगी ‘नोव्हाकुव्हना’ असे. शेपटावरून ती सून की लेक हे कळतं. एवढी सोय फुकट मिळत असताना लोक नाव प्रमाणित करण्याच्या नादात ते शेपूटच छाटून टाकतात.

राहता राहिल्या प्रसिद्ध नोव्हाकांच्या याद्या. एकाने दुसऱ्याची उतरवायची, दुसऱ्याने तिसऱ्याची. हॉलिवूडची किम नोव्हाक सगळीकडे असते आणि असावीच. १९३३ साली शिकागोत चेक वंशाच्या कुटुंबात जन्म, खरं नाव मॅरिलिन. स्टुडिओला तिचं ‘किट मार्लो’ करायचं होतं. मॅरिलिन सोडायला ती तयार झाली, नोव्हाक सोडायला नाही. संगीतकार व्हितेझस्लाव्ह नोव्हाक (१८७०–१९४९) हा विख्यात चेक संगीतकार ड्वोर्झाकचा शिष्य. त्याचं जन्मनाव व्हिक्टर. चेकपण मिरवायला त्याने ते बदललं. जुन्या वहीत व्हितेझस्लाव्ह शोधत बसलात तर रात्र जाईल. काझिमेर्झ नोव्हाक मात्र याद्यांत क्वचितच दिसतो, आणि या गृहस्थाने १९३१ ते १९३६ या काळात सायकलवर, पायी, उंटावर, होडीतून आफ्रिका उत्तरेकडून दक्षिणेला पार केली आणि तसाच परतही आला.

अंतराळवीर लिसा नोव्हाक २००६ साली डिस्कव्हरी यानातून गेली, म्हणून तिला ‘स्लाव्हिक कन्या’ म्हणणारे महाभाग मी वाचले आहेत. माहेरचं आडनाव कापुटो, नोव्हाक हे नवऱ्याकडचं.

आणि यान नोव्हाक-येझोरान्स्की. दुसऱ्या महायुद्धात व्यापलेल्या वॉर्सा आणि लंडनमधलं पोलिश सरकार यांच्यात जीव मुठीत घेऊन निरोप नेणारा हा माणूस, पुढे रेडिओ फ्री युरोपच्या पोलिश विभागाचा प्रमुख. जन्मनाव झ्जिस्वाव येझोरान्स्की. ‘यान नोव्हाक’ हे भूमिगत काळातलं टोपणनाव. गर्दीत हरवून जायला पोलंडमध्ये याहून सोयीचं नाव कुठलं मिळणार? आडनावांच्या यादीत त्याला घालावं की नाही यावर लोक वाद घालतात. मी घालतो, आणि पुढे कंसात ‘टोपणनाव’ असं लिहितो.