‘सुई नाही टोचणार’ म्हणू नका: मुलाला रुग्णालयात आणताना या चुका टाळा

आमच्या बालरुग्ण ओपीडीच्या दारात माशांची टाकी आहे. पाच वर्षांचा एक मुलगा त्या टाकीसमोर आला की डोळे गच्च मिटून घ्यायचा. आधीच्या एका खेपेला बाबांनी त्याला “फक्त मासे बघायला जायचंय” असं सांगून आणलं होतं, आणि थोड्याच वेळात चौघांनी धरून त्याचं रक्त काढलं होतं. त्या कामाला दोन मिनिटंही लागली नसतील. पण तो टाकीकडे परत बघायला लागेपर्यंत आमच्या सहा भेटी झाल्या.

मी रुग्णालयात मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचा आजार शरीराचा असतो. थॅलेसेमिया मेजर (शरीरात हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन रोजच घ्यावं लागतं, तेही बहुतेकांना दिवसातून अनेकदा. या मुलांच्या बाबतीत ‘आजचं एकदाचं उरकून टाकू’ हा हिशोब चालत नाही, कारण आजची सुई कशी पार पडली त्यावर पुढची ठरते.

खोटं सांगून आणणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती मायेपोटीच होते. मूल रस्ताभर रडू नये म्हणून आपण “डॉक्टरकाका फक्त तपासणार” असं सांगतो. मग सुई दिसते. त्या क्षणी मुलाच्या मनात सुईची भीती बसतेच, शिवाय आईबाबा सांगतात ते खरं नसतं हेही बसतं. पुढच्या वेळी खरोखर फक्त तपासणीच असली तरी ते ऐकत नाही. मग आपण म्हणतो, हट्टी झालाय.

सांगायचं ते साध्या शब्दांत सांगा: “आज हातातून थोडं रक्त काढणार आहेत. टोचेल. मी तुझ्याजवळच असेन. किती टोचलं ते मला नंतर सांग.” लहान मुलाला त्याच दिवशी, निघायच्या थोडं आधी सांगितलं तरी पुरतं. शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलाला एकदोन दिवस आधी सांगा, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो.

“एकदाच टोचणार” असं वचनही देऊ नका. शीर सापडली नाही तर दुसऱ्यांदा टोचावं लागतं, आणि तुमचं वचन तिथेच मोडतं. “एकदा प्रयत्न करतील. नाही जमलं तर जरा थांबू, मग पुन्हा” हे खरं राहतं.

आधीच खोटं बोलून झालं असेल तर? माशांच्या टाकीवाल्या मुलाच्या बाबांनी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून सांगितलं, “मागच्या वेळी मी तुला खरं सांगितलं नव्हतं. माझं चुकलं.” मुलानं बराच वेळ शर्टाचं बटण फिरवलं आणि विचारलं, “आज आहे का सुई?” त्या दिवशी होती. बाबा “हो” म्हणाले. तो रडला, पण पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी खोलीत गेला.

सुईची धमकी देणं

“जेव, नाहीतर सुई देतील.” घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य आजपासून बंद करा. ज्या मुलाला औषध म्हणून सुई घ्यायची आहे, त्याला ती शिक्षा वाटायला लागते. चारपाच वर्षांच्या मुलाला तर आपण काहीतरी चुकलो म्हणून आजारी पडलो असं आधीच वाटत असतं. टाइप 1 मधुमेहाच्या मुलासमोर “गोड खायचा ना, म्हणून झालं” असं म्हणणारे नातेवाईक असतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, जिलेबीमुळे तो होत नाही. मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हे सांगा.

“काही नाही होत रे” पुन्हा पुन्हा म्हणणं

हे ऐकून पालकांना धक्का बसतो, पण धीर देणारं हे वाक्य सतत कानावर पडलं की मुलं अनेकदा जास्त घाबरतात. आई घाईघाईनं समजूत घालतेय म्हणजे काहीतरी भयंकर होणार, असा अर्थ ती काढतात. लसीच्या वेळी होणाऱ्या वेदनेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली दिलेल्या सूचनांमध्येही खोटा धीर देणारी भाषा टाळायला सांगितलं आहे. त्यापेक्षा मुलाला काम द्या: साबणाचे फुगे फुंकायचे, भिंतीवरच्या चित्रात लाल वस्तू शोधायच्या, मोबाइलवर आवडीचं गाणं लावायचं. “रडू नकोस, शूर ना तू?” हेही नको. रडलं तरी चालेल, फक्त हात हलवायचा नाही, एवढंच सांगा.

आडवं पाडून धरणं

उताणं झोपवून चार माणसं वर वाकली की मोठ्या माणसाचाही जीव घाबरा होईल. लहान मुलाला आईच्या मांडीवर, छातीशी बिलगून बसवा. एक हात मोकळा, तो नर्सच्या ताब्यात. अंगावर पिणाऱ्या बाळाला लस देताना पाजत राहता येतं. नर्स “तुम्ही बाहेर थांबा” म्हणाली तर नम्रपणे विचारा, “मी मांडीवर घेऊन बसले तर चालेल का?” बहुतेक वेळा चालतं.

सुन्न करणारं मलम उशिरा लावणं

“मलम लावलं, काही उपयोग नाही झाला” ही तक्रार मी नेहमी ऐकते. कधी लावलं विचारलं की उत्तर येतं, “इथं आल्यावर, दहा मिनिटांपूर्वी.” लिडोकेन आणि प्रिलोकेनचं मलम सुईच्या साधारण एक तास आधी जाडसर थर देऊन, वरून झाकून ठेवावं लागतं. किती आणि कुठे लावायचं ते डॉक्टरांना आधी विचारा.

चक्कर येणाऱ्या मुलाला “सैल सोड” सांगणं

काही मुलं, विशेषतः किशोरवयातली, रक्त बघून पांढरी पडतात. रक्तदाब घसरून त्यांना चक्कर येते, म्हणून त्यांना अंग ढिलं सोडायला सांगू नका. आडवं झोपवून मांड्या आणि पोटाचे स्नायू दहापंधरा सेकंद घट्ट आवळायला शिकवा. मग थोडं सोडायचं, पुन्हा आवळायचं. हात मात्र सैलच ठेवायचा. घरी चारपाच वेळा सराव झाला की त्या दिवशी आठवतं.

शेवटचा उपाय म्हणून आमच्याकडे येणं

आदल्या रात्री उलट्या होणं, सुईच्या दिवशी शाळेतून घरी यायला नकार देणं, इन्सुलिन घेतलं असं खोटं सांगणं, यातलं काही दिसलं की लगेच या. सगळं करून थकल्यावर आणलेल्या मुलाची भीती तोपर्यंत पक्की झालेली असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जात असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची (या व्यावसायिकांची नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी आहे का हे विचारायला संकोचू नका. आणि घरून निघताना मुलाला सांगा की माझ्या खोलीत पहिल्या भेटीला कुणीही सुई टोचत नाही. हे तुम्ही बेधडक सांगू शकता, कारण ते खरं आहे.