पहिल्या पिढीतील वकिलांची संघटना मुंबईत कशी उभारावी

मराठी माध्यमात शिकलेल्या आणि घरात यापूर्वी कोणीही वकील नसलेल्या मुलामुलींसाठी मुंबईत संघटना काढायची असेल, तर अमेरिकेतील लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) वकिलांच्या प्रादेशिक संघटनांचा नमुना समोर ठेवावा. तेथे राष्ट्रीय पातळीवरील हिस्पॅनिक नॅशनल बार असोसिएशन १९७२ साली स्थापन झाली. न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकन वकील मात्र १९५७ पासूनच संघटित होते. या संघटना सनद म्हणजे वकिलीचा परवाना देत नाहीत आणि सभासदत्वाची सक्तीही करत नाहीत. कायद्याच्या विद्यार्थ्यांना सभासद करून घेणे आणि त्यांना अनुभवी वकिलांशी जोडून देणे, हे त्यांचे खरे बळ आहे.

म्हणून सभासदत्वाची अट प्रथम ठरवावी. माझ्या मते ती कोण कोठे किंवा कोणत्या समाजात जन्मला यावर न ठेवता ‘घरातील पहिला वकील’ या निकषावर ठेवावी आणि विद्यार्थ्यांना कार्यकारिणीत मतासह जागा द्यावी. बॉम्बे बार असोसिएशनसारख्या जुन्या संस्थांशी स्पर्धा करण्याचे कारण नाही. त्यांचे सभासद आपलेही सभासद होऊ शकतात.

नोंदणी वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात होते. १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान ७ व्यक्ती, उद्देशपत्र आणि नियमावली लागते. १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालील नोंदणीसाठी कायद्याचे शिक्षण व गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य हे उद्देश स्पष्ट शब्दांत लिहावेत.

सर्वाधिक कष्ट मार्गदर्शनाच्या योजनेवर घ्यावेत, कारण व्याख्याने आणि सत्कार यांत संस्थेचे वर्ष सहज निघून जाते. तालुका न्यायालयात मराठीत सहज बोलणारा मुलगा उच्च न्यायालयात इंग्रजीपुढे अडखळतो, आणि ही अडचण भाषणाने सुटत नाही. त्याच्यापुढे खालच्या न्यायालयातील मराठी रोजनामा (प्रकरणात तारखेवार काय घडले याची न्यायालयीन नोंद) ठेवावा, त्यातील तारखा व आदेश वेगळे काढून इंग्रजीत घटनाक्रम लिहायला लावावा, मग त्यावरून शपथपत्राचा मसुदा करून घ्यावा आणि ज्येष्ठ वकिलाने तो त्याच्या शेजारी बसून दुरुस्त करावा. नंतर बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी कशी वाचायची, प्रकरण मेन्शन करताना, म्हणजे ते लवकर ऐकावे अशी न्यायाधीशांना विनंती करताना, पहिले वाक्य कोणते बोलायचे, हे प्रत्यक्ष कोर्टात दाखवावे. एका ज्येष्ठाकडे दोनपेक्षा जास्त मुले देऊ नयेत.

पैशाचा प्रश्न संकोच न करता विचारावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४च्या निकालामुळे सनदेसाठी सर्वसाधारण प्रवर्गाकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपये यांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. खरी ओढाताण सनद मिळाल्यानंतर सुरू होते. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलीचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, शहरी भागातील कनिष्ठ वकिलांना दरमहा किमान २०,००० रुपये विद्यावेतन देण्याची शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. त्यामुळे कनिष्ठाला एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये (कार्यालयात) पाठवण्यापूर्वी तेथे काय मिळणार, हे संघटनेनेच विचारून घ्यावे. मुलाला ते विचारणे जड जाते. निधीतून रेल्वेचा पास आणि अखिल भारतीय बार परीक्षेचे शुल्क दिले, तर त्याचा उपयोग सन्मानचिन्हांपेक्षा अधिक होईल.

मोफत कायदा-सल्ला शिबिर भरवल्यास बार कौन्सिलचा नियम ३६ लक्षात ठेवावा: वकिलाने जाहिरात करून काम मिळवता कामा नये. फलकावर संघटनेचे नाव असावे, सभासदांचे दूरध्वनी क्रमांक नसावेत. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (बदलाची माहिती देणारा अर्ज) दाखल करण्याची जबाबदारी निवडीच्या सभेतच एका व्यक्तीवर, नावानिशी, सोपवावी.