कुत्र्याच्या आजाराची माहिती मोबाइलवर शोधताय? या चुका टाळा

कुत्र्याला बोलता येत नाही, म्हणून त्याचं दुखणं आपण शोधत बसतो. गूगल, यूट्यूब, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि हल्ली एआय. शोधण्यात गैर काहीच नाही. वाचणारा माणूस लक्षणं लवकर ओळखतो आणि दवाखान्यात वेळेत पोचतो. पण कुत्री पाळणाऱ्यांचे अनुभव ऐकताना मला एक गोष्ट सारखी जाणवते. निव्वळ थापेमुळे नुकसान होतं ते कमी वेळा. बऱ्याचदा माहिती खरी असते, फक्त ती दुसऱ्या प्राण्याची, दुसऱ्या देशाची, दुसऱ्या वजनाची किंवा दुसऱ्याच आजाराची असते. कोणत्या चुका पुन्हा पुन्हा होतात आणि त्या कशा टाळायच्या, ते पाहू.

माणसाचं माप कुत्र्याला लावणं

सुरुवात तापापासून करू. माणसाचं नेहमीचं तापमान 98.6 फॅरनहाइट धरतात. कुत्र्याचं साधारण 101 ते 102.5 असतं. त्यामुळे धडधाकट कुत्र्याच्या पोटाला हात लावला तरी ते आपल्याला कढतच लागतं. "अंग गरम आहे" एवढ्यावरून घरातली तापाची गोळी अर्धी करून भरवणारे खूप लोक आहेत. नाक कोरडं की ओलं यावरूनही ताप कळत नाही. गुदद्वारातून थर्मामीटर लावूनच तो मोजावा लागतो. डिजिटल थर्मामीटरला थोडं व्हॅसलीन लावलं की घरी हे जमतं. एकदा डॉक्टरांकडून शिकून घ्या आणि तो थर्मामीटर वेगळा ठेवा.

घरातल्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल तर एकच नियम पाळा: स्वतःच्या मनाने एकही द्यायची नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅकने आतड्यात रक्तस्राव होतो. गिधाडं मरत होती म्हणून 2006 साली आपल्याकडे जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली, हे अनेकांना ठाऊक आहे. माणसांसाठीची गोळी मात्र घराघरांत असते आणि लंगडणाऱ्या कुत्र्याला तीच दिली जाते. पॅरासिटॅमॉल जास्त झालं तर कुत्र्याचं यकृत आणि तांबड्या पेशी दोन्ही बिघडतात. घरात मांजर असेल तर आणखी जपा, तिला एक गोळीसुद्धा जिवावर बेतते.

दुसऱ्या देशातला सल्ला जसाच्या तसा उचलणं

या चुकीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. मराठीत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांवर भरपूर साहित्य आहे, कुत्र्यांवर फार थोडं. त्यामुळे आपण वाचतो ते बहुतेक अमेरिकन किंवा ब्रिटिश पशुवैद्यांनी त्यांच्या वाचकांसाठी लिहिलेलं असतं. लिहिणारे जाणकार असतात आणि मजकूरही बरोबर असतो. पण त्यांच्यासमोर असतो तो त्यांच्या हवेतला, त्यांच्या अंगणातला कुत्रा.

गोचिडांचंच घ्या. तिकडच्या लेखांत लाइम या गोचिडांमुळे होणाऱ्या आजारावर पानंच्या पानं असतात आणि सल्ला असतो की उंच गवतात, जंगलात कुत्र्याला नेऊ नका. आपल्याकडे कुत्र्याच्या अंगावर सापडते ती बहुतेक तपकिरी गोचीड. ती घरातच वाढते. रक्त पिऊन झालं की खाली गळून पडते आणि भिंतीच्या भेगा, दाराची चौकट, पायपुसण्याखालची जागा अशा ठिकाणी कात टाकते, अंडी घालते. चौथ्या मजल्यावरचा, गवतात पाऊलही न टाकणारा कुत्रा गोचिडांनी भरतो तो यामुळे. नुसत्या कुत्र्यावर औषध टाकून गोचिडा जात नाहीत, घराच्या भेगाही साफ कराव्या लागतात. आपल्या उबदार हवेत हा त्रास बारा महिने असतो, त्यामुळे "हंगामापुरतं औषध" हा तिकडचा सल्ला इथे अपुरा पडतो.

रेबीजचंही तसंच. ब्रिटनमधल्या कुत्र्यांत रेबीज नाही. म्हणून तिथल्या पिल्लांच्या नेहमीच्या लसीकरणात रेबीजची लस धरलेलीच नसते, परदेशी न्यायचं असेल तेव्हा देतात. असा तक्ता वाचून "घरातच असतं पिल्लू, रेबीजची काय गरज" असं इथे कुणी म्हणालं तर ते फार महागात पडेल. आणि कुत्रा चावला, ओरखडला तर जखमेवर हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच माणसांच्या डॉक्टरांकडे जा. चावणारं लहानसं पिल्लू असलं तरी हेच करायचं.

तिसरी अडचण वजनाची. अमेरिकन लेखांत डोस पौंडामागे दिलेला असतो. 20 किलोचा कुत्रा म्हणजे 44 पौंड. किलोमागचा आकडा पौंडामागे धरला, तर औषध दुपटीहून जास्त जातं. उलट झालं तर निम्म्याहून कमी, म्हणजे जंतू मरत नाहीत आणि वेळ वाया जातो.

"गोचीड ताप" हा एकच आजार समजणं

ग्रुपवर कुणी लिहितं, "आमच्या रॉकीला गोचीड ताप झाला होता, या गोळ्या दिल्या, चार दिवसांत उड्या मारायला लागला." खाली गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो. हा फोटो पुढे दहा घरांत वापरला जातो. पण गोचिडांमुळे होणारे आजार अनेक आहेत. एर्लिकिया आणि ॲनाप्लाझ्मा हे जिवाणू, तर बाबेसिया आणि हेपॅटोझून हे एकपेशीय परजीवी. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालतं, बाबेसियाला वेगळं औषध लागतं, आणि बाबेसियाच्याही प्रकारांप्रमाणे औषध बदलतं. दोन आजार एकाच वेळी असू शकतात. रक्ताची तपासणी केल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही.

"चार दिवसांत बरा झाला" हे वाक्यही फसवं आहे. एर्लिकियाचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. कुत्रा तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवायला लागतो आणि घरचे गोळ्या थांबवतात. मग हा जंतू महिनोन्‌महिने शरीरात गुपचूप राहतो आणि पुढे अस्थिमज्जेपर्यंत जाऊ शकतो. त्या टप्प्यावर आलेला कुत्रा वाचवणं फार कठीण असतं.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल नेहमी विचारलं जातं. प्लेटलेट्स पडल्या की माणसांच्या डेंग्यूत लोक तो देतात, म्हणून कुत्र्यालाही देतात. पानांचा रस एर्लिकियाला मारत नाही, बाबेसियालाही नाही. प्लेटलेट्स ज्या आजाराने पडल्या तो तसाच राहतो. रस पाजण्यात गेलेले दोन दिवस मला त्या रसापेक्षा जास्त घातक वाटतात.

गुरांचं औषध कुत्र्याला वापरणं

खरूज झाली की गावाकडे अजूनही गाडीचं जळकं ऑइल चोळतात. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जातं. हे थांबायलाच हवं. पण शहरातही आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन "सगळ्या किड्यांवर एकच" म्हणून सर्रास टोचलं जातं, त्याचा हिशेब एकदा पाहा.

गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिन बहुधा 1 टक्क्याचं असतं, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम, अर्थात 10,000 मायक्रोग्रॅम. हार्टवर्म (हृदयात वाढणारे जंत) होऊ नये म्हणून कुत्र्याला महिन्यातून एकदा देतात ते किलोमागे 6 मायक्रोग्रॅम. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 60. त्याच कुत्र्याला अंदाजाने 1 मिलिलिटर टोचलं, तर दीडशेपटीहून जास्त औषध गेलं. खरजेवर डॉक्टर मोठा डोस देतात हे खरं, पण तो वजन करून, हळूहळू वाढवत आणि जात पाहून. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींतल्या अनेक कुत्र्यांत एमडीआर-1 या जनुकात दोष असतो आणि औषध सरळ मेंदूत शिरतं. हा दोष 2001 साली संशोधकांनी ओळखला. झोकांड्या, लाळ, डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या, दिसेनासं होणं, कंप आणि शेवटी बेशुद्धी. त्यावर नेमकं उतारा-औषध नाही. भटक्या आणि संकरित कुत्र्यांच्या रक्तात कोणती जात मिसळली आहे हे बघून सांगता येत नाही, म्हणून "देशी आहे, सोसेल" हा विचार सोडा.

खाण्याच्या याद्या

"कुत्र्याला चालतं, चालत नाही" अशी रंगीत चित्रं फिरत असतात. त्यात चॉकलेट आणि कांदा असतात, आपलं स्वयंपाकघर नसतं. द्राक्षांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात हे जुनं निरीक्षण, पण कशामुळे ते कळत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. पुढे चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांच्या नोंदीही प्रसिद्ध झाल्या. म्हणजे शिऱ्यातले बेदाणे तर नकोच, चिंचेची आमटी आणि पाणीपुरीचं पाणीही नको. किती खाल्लं तर चालेल, असं सुरक्षित माप कुणी देऊ शकत नाही.

लसूण गोचिडांना पळवतो म्हणून रोज एक पाकळी द्या, असं सांगणारे व्हिडिओ आहेत. लसूण आणि कांदा तांबड्या पेशी फोडतात, आणि त्रास दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. बिनसाखरेची च्युइंगगम आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने घसरते. डब्यावरची घटकांची यादी वाचायची सवय लावा.

विषारी काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, हा सल्ला अजून फिरतो. मिठानेच जीव जाऊ शकतो. काय खाल्लं, किती आणि कधी, हे फोनवर डॉक्टरांना सांगा आणि वेष्टण घेऊन निघा.

कोण सांगतंय हे न पाहणं

मी तीन गोष्टी बघतो. लिहिणाऱ्याचं नाव आणि शिक्षण दिलंय का. मजकूर कधी तपासला, ती तारीख आहे का. आणि त्याच पानावर तेच औषध किंवा खाद्य विकायला ठेवलंय का. तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर दुसरा आधार मिळेपर्यंत विश्वास ठेवत नाही.

तारखेचं महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. धान्य नसलेल्या खाद्याचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध असावा, अशी सूचना अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने जुलै 2018 मध्ये दिली. ठोस नवी माहिती मिळाल्याशिवाय यापुढे नियमित आकडे देणार नाही, असं डिसेंबर 2022 मध्ये त्याच संस्थेने सांगितलं. आपल्याकडे अजूनही एक गट 2018-19 च्या बातम्या सिद्ध झालेल्या म्हणून पाठवतो, तर दुसरा सगळं खोटं ठरलं म्हणून सांगतो. दोन्ही दावे कागदपत्रांच्या पुढे जातात.

वाचायला विश्वासाची ठिकाणं आहेत. एमएसडी व्हेटरिनरी मॅन्युअल हा ग्रंथ 1955 पासून निघतो. आता तो इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात पाळणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीतला वेगळा भाग आहे. लसीकरणाबद्दल वाद असेल तर डब्ल्यूएसएव्हीए या लहान पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं पाहा. पिल्लाच्या लसी 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू करून 16 आठवडे किंवा त्यापुढेपर्यंत द्याव्यात असं त्यात आहे, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसी वाया घालवू शकते. "दोन डोस झाले, आता फिरवा" असं पिल्लू विकणारा सांगतो, तेव्हा हे लक्षात ठेवा.

एआयचं उत्तर छान मराठीत आणि ठाम असतं. पण त्याने तुमच्या कुत्र्याच्या हिरड्या पाहिलेल्या नसतात, पोट चाचपलेलं नसतं. त्याला डोस विचारू नका. रक्ताच्या अहवालातला शब्द समजून घ्यायला किंवा डॉक्टरांना काय विचारावं याची तयारी करायला तो उपयोगी पडतो. प्रश्नही जपून विचारा. "गोचीड तापावर पपई" असं शोधलं तर पपईच मिळणार. वय, वजन, जात, लसी आणि लक्षणं किती तासांपासून आहेत हे लिहा, औषधाचं नाव आधीच घालू नका.

आणि "डॉक्टर" म्हणजे कोण, हेही पाहा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक, दोन्ही विचारायला संकोच नको. दुसरं मत हवं असेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. मुंबईत परळचं कॉलेज 1886 पासून आहे, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ.

शोधत बसू नये अशी वेळ

पोट फुगलंय आणि उमाळे येऊनही उलटी पडत नाही. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसतात. लस अपुरी असलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण आहे. झटका पाच मिनिटांनंतरही थांबत नाही. लघवीला बसतो पण होत नाही. माजानंतर काही आठवड्यांनी कुत्री खूप पाणी पिते आणि मलूल पडते. यातलं काहीही दिसलं तर मोबाइल फक्त दवाखान्याला फोन करायला वापरा. उन्हाने कोसळला असेल तर आधी अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि मग गाडीत घाला.

दवाखान्यात जाताना झटक्याचा किंवा खोकल्याचा व्हिडिओ, शीचा फोटो आणि आधी दिलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट न्या. घरी काही दिलं असेल तर लपवू नका, त्यावर पुढचं औषध ठरतं. परत येण्याआधी आजाराचं नाव, औषध किती मिलिग्रॅम, किती दिवस आणि काय झालं तर लगेच यायचं, हे फाइलमध्ये लिहून घ्या. त्याच पानावर त्या दिवसाचं वजन किलोत लिहा.